नऊ सेकंद

वसतिगृह, खोली क्र. १४
६ जुलै

ती. आत्यास,
भिंगरीचा शि. सा. न. वि. वि. आणि वर एक गालगुच्चा.

पत्राला उशीर झाला म्हणून आधीच कान पकडते. फोन करणार होते, पण तू ‘बरी आहेस ना’ एवढं विचारून मिनिटाच्या आत ठेवून देतेस. बावीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये लोकांना जोडून देणारी बाई स्वतः फोनवर इतकी कंजूष कशी, हे कोडं मला अजून सुटलेलं नाही. म्हणून पत्रच बरं.

इथे सगळं ठीक. खोलीचं दार फुगलंय, खांदा मारल्याशिवाय उघडत नाही. आणि आमच्या बाई एक वल्ली आहेत. गळ्यात स्टॉपवॉच घालून वर्गात येतात, म्हणून पोरींनी त्यांना सेकंदबाई नाव ठेवलंय. त्यांचं म्हणणं, माणूस काय बोलतो यापेक्षा कुठे थांबतो ते आधी मोजा. पहिल्याच दिवशी त्यांनी फळ्यावर चार चौकोन काढले: पाठवणारा, निरोप, वाट, घेणारा. आणि वाटेवर आडव्या रेघा, तो गोंगाट. मी हात वर करून सांगितलं, की आमच्या घरी ही ‘वाट’ राहते, माझी आत्या. सगळा वर्ग हसला.

आता कामाचं. सुट्टीत मी कॉलेजचा टेप रेकॉर्डर घेऊन आले होते आणि तुम्हा दोघांच्या परवानगीने जेवणाच्या टेबलावर ठेवला होता, आठवतं ना? त्यातली चाळीस मिनिटं मी अक्षरशः उतरवून काढली. प्रत्येक खोकला, प्रत्येक थांबा, सेकंदासकट. मान मोडून गेली. पण एक गंमत सापडली, आत्या. आपण सगळे बाबांना घुम्या म्हणतो, पण ते घुमे नाहीतच. ते फक्त सावकाश आहेत. मनापासून काही विचारलं की ते नऊ सेकंद गप्प राहतात आणि मग उत्तर देतात. हटकून! फक्त बहुतेक वेळा त्याआधीच, चार-पाच सेकंदांत, तू त्यांच्या वतीने बोलून मोकळी होतेस. टेपमध्ये तू त्यांची अकरा उत्तरं खाल्ली आहेस.

सोबत नक्कल पाठवते. कॉलेजचा नियम असा, की ज्यांचं बोलणं उतरवलंय त्यांनी ते स्वतः वाचून खाली सही करायची. सह्या सोळा ऑगस्टच्या आत हव्यात, नाहीतर या विषयात मी नापास आणि वर्ष वाया. बाबा म्हणालेच होते, की बोलायला दीड वर्षाचं पोरही शिकतं, त्यासाठी तीन वर्षांचं कॉलेज कशाला. नापास झाले तर त्यांचंच खरं होईल. तेव्हा लगेच वाचायला दे.

लोभ आहेच, पण या खेपेला लोभाबरोबर दोन सह्याही पाठवाव्यात.
तुझी,
भिंगरी


घर
१३ जुलै

चि. भिंगरीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र पोचलं. दाराला खांदा मारत बसू नकोस, फुगलेल्या दाराच्या कडेला मेणबत्ती घासायची. तुझ्या सेकंदबाईंना काही कामधंदा नाही असं दिसतं. पण मास्तरणीची निंदा करू नये, म्हणून गप्प बसते.

अकरा उत्तरं खाल्ली म्हणतेस? बरं बाई. तुझी आई गेली तेव्हा तू दोन वर्षांची होतीस आणि तुझा दादा पंधराचा. तेव्हापासून हे घर मी चालवतेय. नऊ-नऊ सेकंद वाट बघत बसले असते तर तुम्हा पोरांना भात संध्याकाळी मिळाला असता.

माझी सही सोबत पाठवते. भाऊची राहिली. त्याचा वाचायचा चष्मा कुठे सापडत नाहीये, त्यामुळे तुझे कागद कपाटात नीट ठेवून दिलेत. इतक्यात घाई करू नकोस, आणि त्याला परस्पर पत्रही पाठवू नकोस. हल्ली तो दमतो. दुपारी जेवून जरा पडतो आणि साडेचारला दुकानात जातो, ते दिवा लावायच्या वेळेला येतो.

एक विचारू का? ते नऊ सेकंद तू नीट मोजलेस ना? यंत्र मागेपुढे धावत असेल. सहा-सातही असतील. आम्ही एक्स्चेंजच्या बोर्डावर मनातल्या मनात मोजायचो, तरी एखाद्या सेकंदाचाही फरक पडायचा नाही. एकदा परत बघ आणि कळव.

जेवणाची आबाळ करू नकोस. इकडे मायेला तोटा नाही, तिकडूनही आटू देऊ नये.
तुझी,
आत्या


खोली क्र. १४
१९ जुलै

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

आत्या, थाप मारायची तर जरा बरी मारावी. ज्या माणसाचा चष्म्याच्या काचा घासण्यात जन्म गेला, ज्याच्या दुकानात दोनशे चष्मे टांगलेत, त्याला वाचायला चष्मा मिळत नाही? काखेत कळसा न् गावाला वळसा! तुला बाबांना ते कागद दाखवायचे नाहीत, एवढं मला कळलं. का, ते कळत नाही.

सेकंद पुन्हा मोजले. बाईंचं घड्याळ मागून आणलं आणि तीन वेळा मोजले. साडेआठच्या खाली एकदाही नाही. सहा-सात तर नाहीतच. तुला सातच का हवे होते?

आणि आता जे लिहितेय ते मी दोन दिवस कुणाला सांगितलेलं नाही. त्या दिवशी वाळलेले कपडे काढायला तू आणि मी गच्चीवर गेलो, आणि यंत्र बंद करायचं मी विसरले. टेपच्या दुसऱ्या बाजूला नुसतं रिकामं घर आहे. नळ ठिबकतोय. भिंतीवरचं घड्याळ चारचे ठोके देतं. त्यानंतर दहा मिनिटांनी खुर्ची सरकल्याचा आवाज येतो, आणि बाबा एकच शब्द बोलतात: ये.

मोठ्याने नाही. समोर बसलेल्या माणसाशी बोलावं तसं. मग लांबलचक शांतता, मग चपलांचा आवाज, मग दार.

खोलीत तर कुणी नव्हतं, आत्या. इथे कॉलेजात, टेप ऐकण्याच्या खोलीत मी एकटीच होते, कानाला यंत्र लावून. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणून मी स्वतःला हसले, आणि परत ऐकलं. बाबा कुणाला तरी बोलावताहेत, आणि तो आवाज, कसं सांगू, फार दिवस वापरून झिजलेला आहे. तो शब्द त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा म्हटलेला नाही.

काल अंघोळ करताना मला एकदम आठवलं. मी आठ वर्षांची होते. दादा बाबांशी भांडून घर सोडून गेला होता, जमीन मोजणीवाल्यांच्या तुकडीबरोबर. एका दुपारी, नुकतेच चारचे ठोके पडून गेल्यावर, त्याचा ट्रंककॉल आला. मी फोनच्या टेबलाखाली बाहुलीचा संसार मांडला होता, मला बाबांचे पाय दिसत होते. बाबा बराच वेळ गप्प होते. मग फोनमधून तो लांब, सरळ आवाज यायला लागला, लाइन गेल्यावर येतो तो. आणि त्या आवाजात बाबा ‘ये’ म्हणाले. मी टेबलाखालून बाहेर आले तर ते हातातल्या रिसीव्हरकडे बघत होते. तिसऱ्या दिवशी घाटात दादाच्या तुकडीचा ट्रक कोसळल्याची बातमी आली.

म्हणजे अकरा वर्षं रोज चार वाजून दहा मिनिटांनी बाबा दादाला उत्तर देताहेत का? आणि त्या दिवशी दादाने वाट न बघता फोन ठेवून का दिला? तो तर आपला भोंगा, एकदा बोलायला लागला की त्याला आवरावं लागायचं. तू तेव्हा एक्स्चेंजमध्येच होतीस ना? तुला काही ठाऊक आहे का?

मला नीट झोप नाही. लोभ असू दे आणि उत्तर लवकर दे.
तुझी,
भिंगरी


घर
२७ जुलै

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद. हे पत्र वाचल्यावर ते तुला नकोसे वाटले, तरी माझ्याकडून ते दिलेले आहेत.

चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते खोटं नाही. तुझ्या पहिल्या पत्रात नऊ आकडा वाचला आणि माझ्या हातातलं भांडं सुटलं. चार वेळा लिहायला बसले, चारही कागद चुलीत घातले. हा पाचवा. हा मी चुलीजवळ बसून लिहीतच नाहीये, दिवाणखान्यात फोनसमोर बसलेय.

थोरल्याने फोन ठेवला नाही. मी तोडला.

त्या दिवशी बोर्डावर मीच होते. त्याचा आवाज आला, मला ओळखून म्हणाला की आत्या, पटकन लाव, आज बाबांशी नीट बोलायचंय. मी लावला. आमचा नियम तीन मिनिटांचा. पुढे कॉल तुंबलेले असले की तीन मिनिटं झाल्यावर मधे जाऊन तसं सांगायचं आणि तोडायचं. त्याच दिवशी सकाळी पर्यवेक्षकांनी सगळ्यांसमोर सुनावलं होतं, की बायका आपल्या माहेरच्यांना जास्त वेळ देतात. मला तो शब्द झोंबला. मी तीन मिनिटंवाली म्हणून प्रसिद्ध होते, बावीस वर्षांत घरच्यांना एक सेकंद जास्त दिला नव्हता. आणि ते नेमके माझ्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले.

तीन मिनिटं भरली तेव्हा मी लाइनीत गेले. थोरला सांगत होता, की तुकडी दोन महिन्यांसाठी डोंगरात चाललीय, पण त्याला आता राग राहिलेला नाही. बाबा म्हणाले तर तो तुकडी सोडून संध्याकाळच्या गाडीने घरी येईल. आणि त्याने विचारलं, की येऊ का.

भाऊ गप्प. मी मोजायला लागले. मोजायचं असं ठरवून नाही, सवयीने. मला वाटलं, हा राग धरून बसलाय, हा काही बोलायचा नाही. मागे ते उभे. सात मोजले. सात सेकंद मी कधी कुणाला दिले नव्हते ग, मला तेच केवढं औदार्य वाटलं. आणि जोडणीची पिन ओढली.

वेळ झाल्याचं सांगितलंसुद्धा नाही. सांगितलं असतं तर दोघांनी माझा आवाज ओळखला असता, भाऊ म्हणाला असता की थांब, आणि मला थांबावं लागलं असतं. मी एरवी सांगून तोडते हे थोरल्याला पक्कं ठाऊक होतं, म्हणून त्याला माझा संशयही आला नसेल. त्याला वाटलं असेल, बापाने फोन आपटला. भाऊला वाटलं, पोराने ठेवला. मला वाटलं, दोघांतला एक तरी पुन्हा लावेल. कुणी लावला नाही. दोघं एकाच लाकडाचे.

त्या आठवड्यात भाऊने मला एकदाच विचारलं, की त्या वेळी बोर्डावर कोण होतं. मी म्हणाले, मी चहाला गेले होते, ठाऊक नाही. नंतर त्याने कधी विचारलं नाही. ती थाप अकरा वर्षं मी रोज त्याला दोन वेळा वाढतेय.

तो ‘ये’ मला माहीत आहे. म्हणूनच चारच्या सुमाराला मी कपडे काढायला गच्चीवर जाते. ओले असले तरी जाते. आजवर मनाची समजूत घालत होते, की तो त्या दिवशी काही बोललाच नसता, आता पश्चात्तापाने बोलतो. तू मात्र टेबलाखाली बसून ऐकलंस, की तो बोलला होता. मी दोन सेकंद आधी ओढली. दोन सेकंद! तुझ्या बाईंच्या फळ्यावर मी वाट नाही, त्या आडव्या रेघा आहे.

भाऊने तुझे कागद वाचले तर त्याला आपलं नऊ सेकंदांचं गप्प राहणं लिहिलेलं दिसेल. मग तो विचार करेल, की पोराला बापाची ही सवय ठाऊक होती, तो थांबला असता. आणि मग मला पुन्हा विचारेल, की तेव्हा बोर्डावर कोण होतं. मला दुसऱ्यांदा चहाला जाता येणार नाही. म्हणून कागद कपाटात आहेत.

सांग, काय करू? तुझं वर्ष माझ्या कपाटात आहे हे मला कळतंय.

लोभ ठेव असं म्हणायला तोंड नाही.
आत्या


खोली क्र. १४
१ ऑगस्ट

आत्या,

मायना सुचत नाही, माफ कर.

मी आधी फार रडले. मग मला तुझा इतका राग आला, की तुझं पत्र फाडणार होते. ज्या हाताने तू माझ्या वेण्या घातल्यास त्याच हाताने पिन ओढलीस, हे डोक्यातून जात नाही. त्याला वाटलं असेल की बाबांनी फोन आपटला, आणि तेच मनात घेऊन तो ट्रकमध्ये चढला असेल. हे मला तुझ्याशिवाय कुणाशी बोलताही येत नाही, हा आणखी एक वैताग.

मी सेकंदबाईंना सांगून टाकलं, की मी हे टेपचं काम जमा करणार नाही. त्यांनी कारण विचारलं. मी गप्प बसले, त्याही गप्प बसल्या, आणि गळ्यातल्या घड्याळाला त्यांनी हात लावला नाही. मग म्हणाल्या, सोळापर्यंत दिवस आहेत. मला हा विषयच नकोसा झालाय. माणसं का गप्प बसतात ते कळून काय उपयोग, ते कळतं तेव्हा माणूस गेलेला असतो.

बाबांना सांगायचं की नाही ते तू ठरव. मी सांगणार नाही, पण त्यांनी विचारलं तर खोटंही बोलणार नाही. मी त्यांना आज वेगळं पत्र टाकतेय. त्यात एवढंच विचारलंय, की चार दिवस घरी येऊ का.

भिंगरी


घर
९ ऑगस्ट

चि. भिंगरीस,
आशीर्वाद.

सांगितलं.

गुरुवारी गच्चीवर गेले नाही. चारचे ठोके पडले तेव्हा तुझे कागद घेऊन त्याच्या समोरच्या खुर्चीत बसले. मी तिथे कशी, म्हणून तो बघत राहिला. त्याने तोंड उघडायच्या आत मी सगळं सांगून टाकलं. सकाळचे ते पर्यवेक्षक, पिन, चहाची थाप, सगळं.

मोजायचं नाही असं ठरवलं होतं, पण मेली सवय. नऊ झाले. वीस झाले. साठ झाल्यावर मला आकडे लागेनात. तो उठला, चपला घातल्या, आणि साडेचारला दुकानात गेला, रोजच्यासारखा. मी तिथेच बसून राहिले. दिवा लावायची वेळ झाली तरी उठले नाही.

तो आला आणि दारातच उभं राहून म्हणाला, की म्हणजे त्याने ठेवला नव्हता. मी म्हणाले, नाही. त्याचा चेहरा असा झाला, की क्षणभर तो मला चाळिशीतला भाऊ दिसला. पोराने आपलं ऐकायच्या आधी फोन ठेवला, हे एवढंच त्याला अकरा वर्षं खात होतं ग. पण मग तो खाली बसला आणि म्हणाला, की पण त्याला वाटलं असेल मी ठेवला.

तेव्हापासून तो माझ्याशी बोललेला नाही. वाढलं की जेवतो. दुपारी चार-दहाला काहीच म्हणत नाही. मी इतकी वर्षं त्या शब्दापासून पळाले, आणि आता तो ऐकू येत नाही तर मला घरात बसवत नाही. काल चार वाजता मीच रिसीव्हर उचलून कानाला लावला. तोच सरळ आवाज. बराच वेळ ऐकला.

कागद मात्र त्याने दुकानात नेलेत. मी काही विचारलं नाही. त्याची उत्तरं आता मी खात नाही.

तुला वाटेल तेवढाच लोभ ठेव, मी कमी म्हणणार नाही.
तुझी,
आत्या


दुकान
१२ ऑगस्ट

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

तुझे कागद सही करून सोबत पाठवतोय. मोठं भिंग लावून सगळे वाचले. एक दुरुस्ती केली आहे. माझ्या नावापुढे जिथे जिथे तू ‘शांतता, नऊ सेकंद’ लिहिलंस, तिथे पेन्सिलीने ‘विचार करत होता’ असं लिहिलंय. तुझ्या बाईंना चालत नसेल तर खोडून टाक. टेपची दुसरी बाजू मी मागत नाही. ती तुझ्याकडेच असू दे, कुणाला ऐकवू नकोस.

बोलायला कॉलेज कशाला, असं मी म्हणालो होतो. ते मागे घेतो. विषय सोडू नकोस.

तुझ्या आत्याशी अजून बोललो नाही. काल तिने ताटात भात वाढला आणि वर आणखी घालू का ते विचारून थांबली. पूर्वी कधी थांबत नसे. मी हो म्हणेपर्यंत डाव हातात धरून उभी होती. एवढंच झालं. तिच्याशी बोलेन. मला वेळ लागतो, तू मोजलंच आहेस.

तुझं पत्र तीन तारखेला, सोमवारी मिळालं. उत्तर आज लिहितोय. फोनच करणार होतो, रिसीव्हर उचललाही होता. पण पत्र बरं. मधेच कुणी तोडत नाही.

येऊ का म्हणून विचारलंस.

ये.

तुझा,
बाबा